माय गाळली, हशा ठेवला

संपादक म्हणाले, दिवाळी अंक आहे, काहीतरी हलकंफुलकं लिहा. मला हलकंफुलकं येत नाही. मला पत्रक येतं. वर ‘बंधू-भगिनींनो’, खाली ‘मोठ्या संख्येने उपस्थित राहा’, मध्ये तीन मागण्या आणि एक इशारा. एकोणिसाव्या वर्षापासून मी हेच लिहीत आले आहे. तेव्हा या लेखात कुठे सवयीनं एखादी मागणी आलीच, तर वाचकांनी ती तिथल्या तिथे मंजूर करून पुढे जावं.

विषय मात्र माझाच आहे. ‘आई गं’, ‘अगं बाई’, ‘बाप रे’, ‘हं’, आणि हसणं. हसू नका. माझ्या हातून कागदावर एक हसू चुकीचं पडलं आणि मंठ्याच्या अलीकडच्या एका गावात आरोग्य उपकेंद्राच्या दाराला कुलूप तसंच राहिलं. त्या गावात एक बाई सातव्या महिन्यात होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण शेवटी कळेल.

आधी धंदा समजावून सांगते, कारण घरच्यांनाही तो अजून नीट कळलेला नाही. जालन्यात एका छोट्या संघटनेत मी काम करते. आम्ही गावोगाव सुनावण्या घेतो. देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकायची, लोकांनी बोलायचं, मी रेकॉर्डर धरायचा. मग ऑफिसात येऊन, कानात वायरी घालून, ते सगळं टाईप करायचं. याला आम्ही ‘उतरवणं’ म्हणतो. एक तासाचं बोलणं उतरवायला पाच तास जातात, कारण माणसं एकेकटी बोलत नाहीत. एक बोलतो, दोन त्याला दुरुस्त करतात, तिसरा खोकतो, आणि सरपंचांचा फोन वाजतो. त्या कागदांचा अहवाल होतो, अहवाल साहेबांकडे जातो, आणि साहेबांकडून उत्तर येतं किंवा येत नाही. आईला वाटतं मी टायपिस्ट आहे. मामाला वाटतं मी नेता होणार आहे. दोघांचीही निराशा चालू आहे.

हे काम मला नानांनी शिकवलं. नाना म्हणजे संघटनेतले सगळ्यात जुने कार्यकर्ते. पायात टायरची चप्पल, खिशात तीन पेनं, त्यातलं एकही चालत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “सुरेखा, उतरवणं म्हंजे भुईमुगाच्या शेंगा फोडणं. टरफल टाकायचं, दाणा ठिवायचा. लोक बोलताना ‘आगं माय’, ‘अरारा’, ‘काय सांगू बाप्पा’ करतात, ते समदं टरफल. साहेबाला येळ न्हाई.”

“आणि लोक हसले तर?”

“कंसात हशा लिव्हायचा. टाळ्या बी कंसात. पर ध्यानात ठिव, हशा आपल्या बाजूनं असला तरच लिव्हायचा. त्यांच्या बाजूनं असला तर तुला ऐकूच आला न्हाई.”

मी हे वहीत लिहून घेतलं. मला ते फार क्रांतिकारी वाटलं होतं.

तसं नानांना एकट्यांना दोष देता येत नाही. शाळेतही हेच शिकवलं होतं. ‘आई गं’, ‘अरेरे’, ‘शाब्बास’ हे सगळे म्हणे वाक्यात नुसते येऊन बसतात, वाक्याशी त्यांचा काही संबंध नसतो. माझा तेव्हापासून याला आक्षेप आहे. ज्या शब्दाशी अख्ख्या माणसाचा संबंध, त्याचा वाक्याशी संबंध नाही? मग चूक वाक्याची आहे. (पाहा, आली मागणी.)

पुढे मी या टरफलांच्या नादी लागले. हे शब्द येतात कुठून? खात्रीनं कोणी सांगत नाही, पण थोडं उकरलं की मजा दिसते. ‘शाब्बास’ फारसीतल्या ‘शाद बाश’वरून आलं, म्हणजे ‘खुश राहा’. निजाम गेला, फारसी गेली, शाब्बासकी तेवढी राहिली. आमच्या क्षेत्रात पगाराऐवजी बऱ्याचदा तीच मिळते. ‘च्यायला’ ही मुळात चांगली सणसणीत शिवी, बोलून बोलून झिजलेली. शिवीचे दात पडले की तिचा उद्गार होतो, मग ती प्राध्यापकांच्या तोंडीही चालते. ‘अय्या’ आमच्याकडे पिकत नाही. ते पुण्याहून सुट्टीत येणाऱ्या मामेबहिणींबरोबर येतं आणि त्यांच्याबरोबरच परत जातं. जालन्याच्या बाजारात ‘तौबा तौबा’ मात्र सगळ्यांचं आहे. भेंडीचा भाव ऐकून कासारीण मावशीही म्हणते आणि भेंडी विकणारा चाचाही म्हणतो.

आणि ‘बाप रे’, ‘आई गं’? भीती वाटली की बापाला हाक, दुखलं की आईला. दोघांपैकी कोणी जवळ असो नसो, जिवंत असो नसो, हाक जातेच. माझ्या मते जगातला पहिला तक्रारअर्ज तोच. त्याला तिकीट लागत नाही, पोच मिळत नाही, आणि तो बरोबर माणसाला केलेला असतो. आम्ही मात्र तोच गाळून उरलेला कागद साहेबांना पाठवत होतो.

हसण्याचं प्रकरण तर त्याहून अवघड. मराठीत हसायला शब्द कमी नाहीत. खदखदून, फिदीफिदी, खुदकन, फिस्सकन, गालातल्या गालात. ही सगळी कानानं केलेली नोंद आहे, जसं ऐकू आलं तसं. पण सरकारी कागदावर एकच चालतं: हशा. घरात कधी कोणी म्हणतं का, ‘काल जेवताना हशा झाला’? हशा फक्त सभेत होतो, आणि तोही कंसात.

या हशानं मला पहिला दणका दिला तो एमआयडीसीत. लोखंडाच्या गिरणीतल्या कामगारांची बैठक होती, सकाळची पाळी सुटल्यावर, फाटकासमोरच्या टपरीवर. विषय हातमोज्यांचा. नानांनी भाषण केलं आणि त्यांचा तो ठेवणीतला विनोद सांगितला, मालकाच्या कुत्र्याला स्वेटर आणि कामगाराला मोजे नाहीत, तो. मी दुसऱ्या दिवशी उतरवायला बसले. विनोद संपला. पुढे रेकॉर्डवर काहीच नाही. नुसता स्टोव्हचा आवाज. मी प्रामाणिकपणे टाईप केलं: (शांतता).

नानांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“शांतता? माह्या कुत्र्याच्या विनोदावर?”

“नाना, कोणी हसलंच नाही. ऐका तुम्ही.”

“आगं, म्या डोळ्यानं पाह्यलं! समदे हलून राह्यल्ते!”

भांडण मिटवायला पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं परत त्या टपरीवर गेलो. नानांनी तोच विनोद पुन्हा सांगितला. आणि मी पाहिलं. पाच-सहा माणसं, तोंडं उघडी, खांदे गदगदा हलताहेत, डोळ्यांत पाणी, एकानं तर शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा मारला. आवाज शून्य. टीव्हीचा आवाज बंद करावा तसं.

त्यातला एक वयस्कर कामगार मग म्हणाला, “ताई, आत मशीन चालू असती तवा बोंबललं तरी ऐकू येत न्हाई. मंग आवाज कामून वाया घालायचा? वीस वर्सं झाले, आवाजच निघंना गेला. घरी बी असंच हसतो. बायको म्हणती, फीट आली का काय.” वर म्हणाला, “फायदा बी हाय. सुपरवायझरला कळत न्हाई कोण हसलं.”

त्या दिवशी मी वहीत पहिल्यांदा लिहिलं: हसणं कानानं नाही, डोळ्यानं उतरवावं. लिहिलं खरं. वापरलं नाही. हीच तर आमच्या चळवळीची रीत आहे.

नानांचंही एक सांगते, नाहीतर सगळ्या चुका माझ्याच दिसतील. संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका जुन्या सभासदाच्या निधनाची बातमी आली. सगळ्यांनी हात जोडले. नानांनी ते पिवळं तोंड टाकलं, हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारं. एक नाही, चार. ग्रुपवर गदारोळ झाला. मी फोन करून सांगितलं, नाना, ते हसणारं आहे. नाना म्हणाले, “डोळ्यात पाणी हाय ना? मंग बराबर हाय.” आणि ते काढायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. तेव्हा मी त्यांना अडाणी म्हटलं होतं. आता म्हणणार नाही.

कारण मग गयामावशी आल्या.

गयामावशी म्हणजे त्या गावातल्या पन्नाशीच्या बाई, चार एकराच्या मालकीण, आवाज असा की रेकॉर्डर लांब ठेवावा लागतो. दिवाळीनंतरची सुनावणी, विषय उपकेंद्र. तिथली नर्स दुसरीकडे कामाला लावलेली, दाराला कुलूप, आणि किल्ली आठ मैलांवर. गावातले पुरुष ‘सदर बाबतीत’, ‘वारंवार पाठपुरावा’ असं वर्तमानपत्री बोलून बसले. मग मावशी उठल्या. त्यांनी थोरल्या सुनेच्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. ती अशी:

“आगं माय माय माय, काय सांगू. सून कळा देऊन राह्यली, म्या तिला धरू धरू उपकेंद्राला नेली. दुपारचे दीड वाजल्ते. पाहाते तं कुलूप. आगं माय! म्या कुलपालाच म्हणलं, बाई, दुसरं कोणी न्हाई, आता तूच धर हिचे पाय. धरीन का ते? ते आपलं लोंबकळून राह्यलं. माय माय. मंग काय, पायरीवरच झाली. पोरगी. म्या म्हणलं, आता नाव बी पायरीच ठिवा!”

सगळा सभामंडप हसला. मावशी हसल्या. मीही हसले, कबूल करते. मुलीचं नाव कागदावर आराध्या आहे, पण गाव तिला पायरीच म्हणतं.

आता मी ते कसं उतरवलं ते पाहा. टरफलं काढून, दाणे निवडून:

‘सुनेला घेऊन उपकेंद्रात गेले. दुपारी दीड. कुलूप होते. मी कुलपाला म्हटले, तूच पाय धर. (हशा) पायरीवर प्रसूती झाली. मुलीचे नाव पायरी ठेवा असे म्हटले. (प्रचंड हशा)’

त्या ‘प्रचंड’चा मला अभिमानही वाटला होता. सुनावणी रंगली, असा त्याचा अर्थ.

शिवरात्रीच्या सुमारास जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातून उत्तर आलं. माझ्या नावानं, जावक क्रमांकासह. ‘अहवालातील नोंदींचे अवलोकन करता, निवेदिकेने सदर प्रसंग विनोदाने कथन केल्याचे व उपस्थितांनी त्यास हसून प्रतिसाद दिल्याचे दिसून येते. सबब प्रकरणात तातडी दिसून येत नाही.’

मी ते पत्र घेऊन नानांना गाठलं. ते वडीगोद्रीला हायवेच्या कडेला एका हॉटेलात चहा पीत बसले होते. मी नेहमीप्रमाणे ओरडायला सुरुवात केली. व्यवस्था, असंवेदनशील, निषेध, मोर्चा. हॉटेलवाल्यानं रेडिओ बंद केला. नानांनी पत्र वाचलं. मग माझा टाईप केलेला कागद वाचला. पुन्हा पत्र. चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “हे ‘प्रचंड’ कोणी लिव्हलं?”

मी स्वतःकडे बोट दाखवलं. सात वर्षांत पहिल्यांदा. नानांनी बशीत उरलेला चहा पिऊन टाकला. “टरफल टाक म्हणून म्याच शिकवल्तं म्हणा,” ते म्हणाले. “पर तू बी बिलकुल नितळ धुतलं.”

रात्रीपर्यंत धीर नव्हता. ऑफिसात जाऊन मूळ रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्या एका मिनिटात मावशी कितीदा ‘माय’ म्हणतात ते मी मोजलं नाही, मोजवलं नाही. तेवढ्या हाका मी एकेक करून पुसल्या होत्या, आणि हशा मात्र जपून ठेवला होता. माय गाळली, हशा ठेवला. साहेबांनी चूक काय वाचलं? त्यांच्यापुढे विनोदच ठेवला होता मी.

माफी मागायला गावी गेले. मावशी अंगणात सुपात हरभरा पाखडत होत्या. शेजारी थोरल्या सुनेची पायरी मांडी घालून बसली होती, चुकून पडलेले दाणे तोंडात घालत. उंबऱ्याशी धाकटी सून टेकून बसलेली. तिला सातवा महिना.

मी पत्र वाचून दाखवलं. माझी चूक सांगितली. मावशींनी सूप थांबवलं नाही.

“म्हंजे म्या हसले म्हणून खोटं झालं का?”

“तसंच म्हणतात ते.”

“अन् तू लिव्हलं, म्या हसले?”

“हो. मावशी, पण खरं सांगा, तुम्ही हसल्या कामून?”

“हे काय इचारणं झालं!” त्यांनी मला वर-खाली पाहिलं, बाजारात दाताकडून बैल पाहतात तसं. “पोरी, लगीन न्हाई, लेकरू न्हाई, तुला काय कळायचं. रडून सांगाया गेलं की निम्म्यातच गळा धरतो. बाया म्हणत्यात, बस मावशी, पानी पी. झालं, ऱ्हायली गोष्ट तिथंच. हसत सांगितलं की शेवटापस्तोर जाता येतं. मला शेवटापस्तोर जायचं व्हतं.”

मी वही काढली. मावशी म्हणाल्या, “आता हे बी लिव्हती का? मंग लिव्ह बराबर.” मग धाकटीकडे मान उडवून म्हणाल्या, “हिचं बी तिथंच होईन. एवढ्या बारीला जरा आत सरकू. नाव ठिवू उंबरा.” आणि हसल्या. मोठ्यानं.

पण आता मी कानांनी ऐकत नव्हते. मी पाहत होते. त्यांचं सूप थांबलं होतं. धाकटी सून हसली नव्हती. तिनं पोटावरचा पदर नुसता घट्ट ओढून घेतला.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक पत्रक काढलं: ‘हसलो म्हणजे खोटं बोललो काय?’ नानांनी ते वाचून सांगितलं की घोषणा म्हणून ओरडता येत नाही, दम लागतो. ते खरं निघालं. दुसरं, मावशींचं बोलणं मी परत उतरवलं. सगळ्या मायांसकट. जिथे श्वास अडकला तिथे ‘श्वास अडकतो’ लिहिलं. जिथे बाकीच्या बाया हसल्या आणि मावशी पुढे बोलत राहिल्या, तिथे तसं लिहिलं. शेवटी ‘प्रचंड हशा’ काढून लिहिलं: ‘मावशी हसतात. पदरानं डोळे पुसतात. लोक हसतात.’ दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून साहेबांच्या टेबलावर ठेवले.

साहेब तसे वाईट नव्हते. पत्रकात लिहितो तसे राक्षस मला प्रत्यक्षात फारसे भेटलेच नाहीत, ही माझी व्यावसायिक अडचण आहे. हे साहेब नवीन बदलून आलेले, गोरेगोमटे, टापटीप, बोलायला मऊ. दोन्ही कागद त्यांनी वाचले. “मॅडम, दुसरा कागद वेगळाच वाटतो हो,” म्हणाले. “पण असं कसं नोंदवून घेणार? प्रत्यक्ष पाहणी करू.”

पाहणी म्हणजे प्रकरण पुढे ढकलण्याचं मऊ नाव, असं आमच्यात मानतात. पण ते आले. गुढीपाडवा होऊन आठवडा झाला होता. सकाळी दहाला येणार होते, मध्ये कुठली तरी बैठक निघाली, आणि गाडी उपकेंद्रासमोर थांबली तेव्हा दुपारचा दीड वाजत आलेला. कोणी ठरवलं नव्हतं. असं ठरवण्याइतकी आमची संघटना हुशार नाही.

उपकेंद्र कसं, तर एक खोली, समोर सावली नाही, झाड नाही, दारापुढे शहाबादी फरशीची रुंद पायरी. दारावर कुलूप. किल्ली घेऊन शिपाई निघाला होता, वाटेत होता. बायका येऊन उभ्या राहिल्या. मी रेकॉर्डर चालू केला. साहेब घड्याळ पाहत उन्हात उभे.

मावशी पुढे झाल्या. “साहेब, उभं कामून? किल्ली यीस्तोर बसा की.”

“नको नको, ठीक आहे.”

“बसा हो. पाव्हणे तुम्ही. खुर्ची तं आत हाय, कुलपात.” आणि पायरीवर पदरानं झटकल्यासारखं केलं.

साहेब संकोचानं बसले. आणि ताडकन उठले.

“आई गं!”

सगळं गाव ऐकत होतं. आधी मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी, मग सगळ्या, तोंडाला पदर लावून. साहेबांचा चेहरा लाल. मी मावशींकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना गोष्ट न हसता सांगताना ऐकलं, आणि ती दोनच वाक्यांत संपली.

“तुम्हाला दोन मिंटं न्हाई बसवलं, साहेब. माही सून दीड तास व्हती, म्या पोत्यावर पानी मारू मारू तिच्या खाली घातलं.”

बायकांचं हसणं थांबलं. मग साहेबांनी एक गोष्ट केली, जी मला कुठल्याच पत्रकात लिहिता येणार नाही. ते वाकले आणि त्या फरशीवर स्वतःहून तळहात टेकवला. ठेवला तसाच. मी मनात मोजत होते, पण आकडा विसरले.

किल्ली आली. खोली उघडली. आत खाट होती, तराजू होता, आणि कोळ्यांचा संसार होता. पाहणी झाली. गाडीत बसण्याआधी साहेबांनी मला बाजूला घेतलं.

“मॅडम, ते मशीन चालू होतं का?”

“होतं.”

“ते मघाचं… माझं… म्हणजे ते अहवालात येणार नाही ना?”

“येणार, साहेब. मी आता काही गाळत नाही. ‘साहेब पायरीवर बसतात. साहेब: आई गं.’ एवढंच.”

“ते बरं दिसत नाही हो कागदावर.”

“कुलूपही दारावर बरं दिसत नाही.”

मी पत्रकवाली आहे, मला घासाघीस येत नाही, पण त्या दिवशी आली. म्हटलं, “तुम्ही ते काढा, मी हे काढते.”

तीन आठवड्यांत नर्सताई परत आल्या. रोजची मागणी होती, आठवड्यातले चार दिवस पदरात पडले. उरलेल्या तीन दिवसांचं पत्रक अजून चालू आहे. किल्ली आता गावातच, आशा-सेविकेकडे असते. मी शब्द पाळला. अंतिम अहवालातून ती ओळ काढली. माझ्या नोकरीत मी उतरवलेली सगळ्यात खरी ओळ, आणि ती मीच पुसली.

मृगाच्या आसपास मावशींचा फोन आला. मागे ट्यांहां चालू होतं.

“झाली बग. पोरगी. आत, खाटंवर, नर्सबाईच्या हातात.”

“मावशी! नाव काय ठेवलं? उंबरा?”

“काय की बाई, सुचंनाच गेलं. कुलूप न्हाई, पायरी न्हाई, काही घडलंच न्हाई. एवढ्या बारीला सांगाया गोष्टच न्हाई राह्यली.” आणि त्या हसल्या. किती वेळ. ते कोणतं हसणं, मला कंसात घालता आलं नसतं, आणि त्या दिवशी मी प्रयत्नही केला नाही.

मग त्यांनी विचारलं, “अन् साहेबाचं ते ‘आई गं’ लिव्हलं ना कागदात?”

मी सांगितलं, कबूल केलं होतं म्हणून काढलं.

“आगं माय!” फोन कानापासून लांब धरावा लागला. “तेवढंच तं खरं बोलला व्हता तो! परत माय गाळली का तू?”

गाळली होती. पण शब्द दिला होता तो अहवालापुरता. दिवाळी अंकाचं काही बोलणं झालं नव्हतं. तेव्हा गाळलेली ओळ इथे जागेवर ठेवते. गावाचं नाव नाही, साहेबांचं नाव नाही, कंस नाही:

साहेब पायरीवर बसतात. साहेब: आई गं!